वऱ्हाड उतरायचं कुठे?

मराठी लग्नपत्रिकेत मुहूर्त मिनिटापर्यंत छापलेला असतो. विवाहस्थळाचा पत्ता असतो, त्याखाली आता नकाशाचा क्यूआर कोडही असतो. आदल्या रात्री उतरायचं कुठे, हे मात्र पत्रिकेत सहसा नसतं. ते फोनवर सांगितलं जातं, तेही एका वाक्यात: ‘‘तुम्ही फक्त या हो, सोय केलेली आहे.’’

या ‘सोय केलेली आहे’चा खरा अर्थ पुष्कळदा लग्नाच्या दिवशी सकाळी कळतो. मुंबईहून रात्री निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापुरात पोचलेली असते. पंधरा-वीस माणसं, तेवढ्याच बॅगा, आहेराची एक वेगळी पिशवी आणि गुडघे धरलेल्या दोन आज्या हॉटेलच्या लॉबीत उभ्या असतात. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे सांगतो, ‘‘सर, चेक-इन दुपारी दोनला आहे.’’ मुहूर्त असतो साडेबाराच्या आसपासचा. आंघोळ कुठे करायची आणि साडी कुठे नेसायची, या प्रश्नाला काउंटरवर उत्तर नसतं. यजमान तिकडे कार्यालयात देवक बसवत असतात, त्यांचा फोन कुणा भाच्याकडे असतो आणि भाचा झोपलेला असतो.

इथे खोल्या घेतलेल्या होत्या, पैसे भरलेले होते, हॉटेलही वाईट नव्हतं. तरी सोय झाली नाही. खोल्या राखून ठेवणं वेगळं आणि माणसांना नीट उतरवणं वेगळं. मराठी घरांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पहिलं काम पुष्कळ वाढलं आणि दुसरं हळूहळू बेवारशी झालं. ते कसं झालं आणि आज त्यावर काय करता येतं, याचा हा आढावा.

जानवसघराचे दिवस

सीमांतपूजन हा विधी नावातच आपला जुना पत्ता सांगतो. सीमांत म्हणजे गावाची हद्द. वऱ्हाड बैलगाड्यांनी यायचं, वधूकडची मंडळी वेशीवर जाऊन वराची पूजा करायची आणि मग सगळ्यांना वाजतगाजत मुक्कामाच्या जागी न्यायची. ही जागा म्हणजे जानवसघर. हिंदी मुलखात त्यालाच जनवासा म्हणतात. आता वेस राहिली नाही, पूजन कार्यालयाच्या व्यासपीठावर होतं आणि बोलण्याच्या ओघात त्याचं ‘श्रीमंतपूजन’ झालं. विधी मुळात पाहुणा गावात शिरतानाचा आहे, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

जानवसघर भाड्याचं नसायचं. शेजाऱ्याचा वाडा, कुणाचं बंद असलेलं घर, देवळाची ओवरी, मे महिन्याची सुट्टी असेल तर शाळेचे वर्ग. सतरंज्या गावातून गोळा व्हायच्या. गैरसोयी भरपूर असायच्या, पण त्या घरी वधूपक्षाचा एक माणूस ठरलेला असायचा. बंब कधी पेटवायचा, चहाचा दुसरा हात कधी फिरवायचा, पथ्याचं जेवण कुणाला, कोण रुसलं आहे आणि कशामुळे, हे सगळं त्याच्याकडे असायचं. गरम पाणी संपलं तर बोलणी त्यालाच बसायची. विहीणबाईंचा रुसवा नवऱ्यामुलाच्या कानावर जाण्याआधी तो मिटवणं हेही त्याचंच काम. या माणसाला मानधन नव्हतं, हुद्दा नव्हता. बहुधा तो मुलीचा मामा किंवा चुलतकाका असे.

पुढे मंगल कार्यालयं आली आणि दोन्ही पक्ष एका छपराखाली आले. जिन्याच्या एका बाजूला ‘वरपक्ष’, दुसऱ्या बाजूला ‘वधूपक्ष’ अशा पाट्या लागल्या. प्रत्येकी तीन-चार खोल्या, सामायिक न्हाणीघरं, आणि बाकीच्यांसाठी रात्रीची जेवणं उरकली की मोकळा होणारा हॉल. विदर्भ-मराठवाड्यात बिछायत केंद्रातून गाद्या, उशा, रजया मोजून यायच्या आणि मोजून परत जायच्या. एका रांगेत चाळीस माणसं झोपायची; त्यातली दहा घोरायची आणि उरलेली तीस सकाळी त्याच्यावर बोलायची. पुष्कळ चुलत-मावस भावंडांची खरी ओळख याच गाद्यांवर झालेली आहे.

मग हॉटेल का लागू लागलं? जमिनीवर झोपून उठता येणारं वय मागे पडलेल्या पाहुण्यांची संख्या वाढली. शेजाऱ्याला ‘दोन दिवस तुमची एक खोली द्या’ म्हणायचे दिवस दोन खोल्यांच्या फ्लॅटांनी संपवले. शहराबाहेर लॉन्स आली. तिथे हजार माणसांचं जेवण होतं, पण राहायच्या खोल्या चार-सहाच. आणि सामायिक न्हाणीघरापुढे टॉवेल खांद्यावर टाकून उभं राहायची सवय पुढच्या पिढीला नाही. यातलं काहीच चूक नाही. जानवसघराबद्दल हळवं होताना तिथल्या बायकांना पहाटे चारला उठून न्हाणीघर गाठावं लागायचं, हेही आठवलं पाहिजे.

खोल्या किती?

पहिली चूक इथेच होते, कारण यजमान माणसं मोजतो आणि हॉटेल खोल्या मोजतं. एक उदाहरण घेऊ. पत्रिका ४०० माणसांची आहे. त्यात बाहेरगावची १५०. पैकी ५० तास-दीड तासाच्या अंतरावरची. ती जेवून परत जाणार. गावात भाऊ-बहीण असलेली २०. ती तिथे उतरणार, त्यांना हॉटेलात घातलं तर उलट ती घरंच रागावतील. राहिली ८०. तिघांना एक खोली धरली तर २७ खोल्या लागतात, दोघांना एक धरली तर ४०. खरा आकडा या दोहोंच्या मधे असतो आणि तो नात्यांवर ठरतो. दोन सख्ख्या बहिणी आणि त्यांची आई एका खोलीत मजेत राहतात. दोन साडू आपापल्या कुटुंबांसह राहत नाहीत.

म्हणून यादी माणसांची न करता ‘कोण कोणाबरोबर झोपेल’ अशी करावी लागते. हॉटेलच्या भाषेत तिला रूमिंग लिस्ट म्हणतात. घरात ती यादी करायला सगळ्यात योग्य माणूस म्हणजे आत्या किंवा मावशी. एक्सेल भाच्याला येतं, पण कोणाचं कोणाशी चार वर्षं बोलणं नाही हे आत्यालाच ठाऊक असतं.

दुसरा हिशेब रात्रींचा. सगळ्यांना दोन रात्री लागत नाहीत. हळदीच्या आदल्या दिवसापासून येणारी जवळची माणसं थोडी. बाकीची मंडळी सीमांतपूजनाच्या संध्याकाळी येतात आणि लग्न लागल्यावर संध्याकाळपर्यंत पांगतात. ३० खोल्या सरसकट दोन रात्रींसाठी ३,००० रुपयांनी घेतल्या तर भाडं १,८०,००० होतं. आठ खोल्या दोन रात्री आणि बावीस एक रात्र अशी फोड केली तर तेच भाडं १,१४,००० होतं. ही फोड एका संध्याकाळच्या फोनांनी कळते. ते फोन करायला कुणी बसत नाही.

तिसरी गोष्ट, तरण्या पोरांना खोल्यांत विभागू नये. दहा-बारा भावंडांना गाद्या टाकलेला एक मोठा हॉल दिला तर ती तक्रार करत नाहीत, आणि कार्यालयाच्या भाड्यात तो हॉल बहुधा आलेलाच असतो.

तीन घड्याळं

या साऱ्या व्यवहारात तीन घड्याळं चालतात आणि ती एकमेकांकडे बघत नाहीत.

पहिलं पंचांगाचं. चातुर्मासात लग्नं नाहीत, तुळशीचं लग्न लागलं की मोकळीक, गुरू-शुक्राचा अस्त आला की पुन्हा बंद. २०२४ साली मे-जूनमध्ये दोन्ही ग्रहांचे अस्त आल्याने ऐन सुट्टीत मुहूर्तांचा दुष्काळ पडला. मुहूर्त कमी झाले म्हणून लग्नं कमी होत नाहीत; ती उरलेल्या तारखांवर लोटतात. अशा तारखेला ‘दाट तिथ’ म्हणतात. दाट तिथीला कार्यालय, केटरर, बँड, फुलवाला आणि हॉटेल सगळेच एका सुरात बोलतात. हॉटेलच्या बुकिंगवाल्याकडे आता पंचांग असतं आणि त्या दिवसांचे दर त्याने आधीच चढवलेले असतात.

त्यात गावाचं स्वतःचं वेळापत्रक मिसळतं. नागपुरात डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं; मंत्र्यांच्या लवाजम्यापासून मोर्चेकऱ्यांपर्यंत सगळ्यांना खोल्या लागतात, आणि मार्गशीर्षातली लग्नंही तेव्हाच. गोवा, महाबळेश्वर, अलिबाग इथे नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा लग्नघराने विसरावा. तारीख पक्की करण्याआधी गुरुजींना विचारतो तसं त्या गावातल्या एका हॉटेलवाल्यालाही विचारावं, ‘‘त्या दिवशी गावात आणखी काय आहे?’’

दुसरं घड्याळ रेल्वेचं. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. खोल्या मात्र दाट तिथीसाठी चार-सहा महिने आधी धराव्या लागतात. म्हणजे तुम्ही खोल्या धरता तेव्हा पाहुण्याच्या हातात तिकीट नसतं, आणि तिकीट नसलेला पाहुणा ‘येतो’ म्हणतो ते शिष्टाचार म्हणून. खरी हजेरी लग्नाच्या दोन महिने आधी, तिकीट निघाल्यावर कळते. म्हणून हॉटेलशी बोलताना खोल्या परत करायची शेवटची तारीख लग्नाच्या ४५ दिवसांआधी येणार नाही, असं बघावं. हॉटेल ६० किंवा ९० दिवस मागतं. या एका मुद्द्यावर ताणून धरलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. वऱ्हाड एकाच गावाहून येत असेल तर एसटीचा प्रासंगिक करार अजूनही सोयीचा. पन्नास माणसं एका वेळी येतात आणि एका वेळी जातात, त्यामुळे खोल्यांचा हिशेबही सोपा होतो.

तिसरं घड्याळ हॉटेलचं, आणि मराठी लग्नाशी त्याचं उभं वैर आहे. चेक-इन दुपारी दोनला, चेक-आउट सकाळी अकरा-बाराला. उत्तरेकडे लग्न रात्री लागतं. दुपारी खोली मिळाली की वरातीपर्यंत वेळच वेळ. आपल्याकडे मुहूर्त बहुधा सकाळी उशिरा ते दुपारी. पाहुणे अक्षता हातात घेऊन उभे असतात नेमक्या त्या वेळी हॉटेलची खोली रिकामी करायची असते. मग लग्नात जरीकाठी नेसलेली बाई सकाळी दहाला बॅग भरते आणि ती बॅग कार्यालयाच्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी चपलांशेजारी, संध्याकाळपर्यंत पडून राहते.

जुन्या लॉजमध्ये ‘चोवीस तास’ पद्धत असे: ज्या वेळी याल त्या वेळेपासून चोवीस तास. स्टेशन आणि एसटी स्टँडजवळच्या बऱ्याच लॉजमध्ये ती अजून आहे आणि लग्नाच्या पाहुण्याला ती हॉटेलच्या घड्याळापेक्षा जास्त सोयीची. मोठं हॉटेल हे करत नसलं तरी दोन गोष्टी मागता येतात. सकाळच्या गाडीने येणाऱ्यांसाठी दोन-तीन खोल्या आदल्या रात्रीपासून घ्याव्यात आणि त्या ‘तयार व्हायच्या खोल्या’ म्हणून सगळ्यांना मोकळ्या ठेवाव्यात. आणि लग्नाच्या दिवशी पाच खोल्या संध्याकाळी सहापर्यंत चालू ठेवून बाकीच्या वेळेवर सोडून द्याव्यात. सगळ्यांच्या बॅगा त्या पाच खोल्यांत राहतात, म्हाताऱ्यांना जेवणानंतर आडवंही होता येतं.

कागदावर काय हवं?

खोल्या धरण्याचे दोन प्रकार आहेत. एकात हॉटेल शब्द देतं की अमुक तारखेपर्यंत इतक्या खोल्या तुमच्या नावावर राखू. त्यानंतर उरलेल्या आम्ही विकू. यात जोखीम कमी, पण दाट तिथीला असा शब्द सहसा मिळत नाही. दुसऱ्यात आगाऊ रक्कम भरून करार होतो आणि न वापरलेल्या खोल्यांचेही पैसे जातात. वरच्या उदाहरणात दोन रात्रींच्या सहा खोल्या रिकाम्या राहिल्या तर भाडं ३६,००० आणि त्यावर कर १,८००, असे ३७,८०० रुपये कुणी न झोपलेल्या गाद्यांचे जातात. म्हणून करारात किमान एवढं लिहून घ्यावं: किती खोल्या विनाशुल्क परत करता येतील आणि कोणत्या तारखेपर्यंत, दर करासह की कराशिवाय, न्याहारी धरून की वेगळी, जादा गादीचे किती, आणि हॉटेलने जास्त बुकिंग घेऊन ठेवलं आणि खोली कमी पडली तर पाहुण्याला कोण, कुठे, कुणाच्या खर्चाने नेणार.

महामारीने आणखी एक कलम शिकवलं. एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात लग्न २५ माणसांत आणि दोन तासांत उरकण्याचा नियम आला, मोडणाऱ्याला ५०,००० रुपये दंड. सरकारी आदेशाने समारंभच होऊ शकला नाही तर आगाऊ रकमेचं काय, हे लिहिलेलं नसलं की सगळा मामला हॉटेलवाल्याच्या मर्जीवर जातो.

तोंडी विचारायच्या गोष्टी निराळ्या आणि त्या जास्त महत्त्वाच्या. गरम पाणी किती ते किती? पुष्कळ ठिकाणी ते सहा ते नऊ असतं आणि आपली माणसं साडेचारला उठतात. लिफ्ट आहे का आणि ती दिवे गेल्यावर चालते का? बसच्या आणि गाड्यांच्या ड्रायव्हरांनी झोपायचं कुठे? ड्रायव्हर रात्रभर सीटवर अवघडून पडला आणि दुसऱ्या दिवशी तोच तीनशे किलोमीटर गाडी हाकणार, हे यजमानाने विचारात घ्यायला हवं. खोलीतल्या फ्रिजमधल्या वस्तू आणि मागवलेलं जेवण कुणाच्या बिलात, हेही आधी ठरावं. ‘भाडं यजमानाचं, बाकीचं ज्याचं त्याने’ ही सूचना हॉटेलने प्रत्येकाला येतानाच दिली तर जाताना काउंटरवर वाद होत नाहीत.

कराची एक पायरी सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. आधी तो १२ होता. ७,५००च्या वर मात्र १८ टक्के. आकडा भिंतीवरच्या दरपत्रकाचा नसून प्रत्यक्ष लावलेल्या भाड्याचा धरतात. त्यामुळे ७,५००ची खोली करासह ७,८७५ला पडते आणि ७,६००ची ८,९६८ला. भाड्यातले शंभर रुपये खोलीमागे १,०९३ रुपयांना पडतात. उन्हाळ्यातल्या दाट तिथीला दर या उंबरठ्याच्या आसपास घुटमळत असेल तर तो खाली आणून घेणं हीच खरी घासाघीस. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षी खोलीचं भाडं ७,५००च्या वर गेलेलं असतं, तिथे रेस्टॉरंटच्या जेवणावरही ५ ऐवजी १८ टक्के लागतात; समारंभाचं जेवणही तिथेच ठेवणाऱ्यांनी ते जोडून बघावं.

ओळखपत्राचा घोळ वेगळाच. खोलीत राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं आणि पॅन कार्डवर पत्ता नसल्याने बरीच हॉटेलं ते घेत नाहीत. काही लॉजमध्ये ‘लोकल आयडी चालणार नाही’ अशी पाटी असते. मग पंधरा वर्षांपूर्वी पुणं सोडून बंगळुरूला गेलेला, पण आधारवरचा पत्ता न बदललेला भाचा पुण्यातल्याच लग्नात लॉजच्या दारात अडकतो. परदेशी पासपोर्टवर आलेल्या पाहुण्याची माहिती हॉटेलला चोवीस तासांत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडे पाठवावी लागते. हॉटेलवाले त्याला ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखतात. ज्या लहान लॉजने ही नोंदणीची व्यवस्था केलेली नसते ते अशा पाहुण्याला सरळ नाही म्हणतात, मग तो कितीही अस्खलित मराठी बोलो. वऱ्हाडात अमेरिकन पासपोर्टवाले असतील तर हे आठवडाभर आधी विचारून घ्यावं.

पैसे कुणाचे?

रूढी सांगते की वऱ्हाडाची सगळी सोय वधूपक्षाने करायची. जानवसघराच्या काळात त्याचा अर्थ होता कष्ट, उसनवारी आणि शेजाऱ्यांचे उपकार. हॉटेलच्या काळात त्याचा अर्थ आहे रोख रक्कम, आणि तीही दुसऱ्याने केलेल्या यादीवर. वरपक्षाकडून ‘आमची साठ माणसं आहेत’ असा निरोप येतो, मुलीचा बाप वीस खोल्या घेतो, प्रत्यक्षात चाळीस माणसं येतात आणि सहा-सात खोल्यांना कुलूपच राहतं. यादी करणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, म्हणून ती कधी आखूड होत नाही.

लग्नाचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेणारी घरं आता पुष्कळ आहेत, पण खोल्यांच्या बाबतीत निम्मा-निम्मा हा चुकीचा नियम. ज्याचे पाहुणे त्याच्या खोल्या, हा बरोबर नियम. हॉटेल एकच असू दे, दर दोघांनी मिळून ठरवू दे, बिलं मात्र दोन होऊ देत. असं ठरलं की दोन्हीकडच्या याद्या एका आठवड्यात खऱ्या होतात.

पाहुण्याने स्वतःचं भाडं स्वतः द्यावं का, हा त्यापुढचा प्रश्न. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी तो केव्हाच सोडवला आहे. तिथे यजमान हॉटेलशी दर ठरवतो, पाहुण्यांना दुवा पाठवतो, आणि जो तो आपली खोली आपल्या कार्डाने घेतो. करार असेल तर राखलेल्यांपैकी ८० ते ९० टक्के खोल्या भरायचं बंधन यजमानावर असतं, कमी भरल्या तर फरक त्याने द्यायचा. मुहूर्तही तिथे शक्यतो लाँग वीकेंडला शोधला जातो. लक्ष्मण देशपांडे यांनी मराठवाड्यातल्या खेड्यातलं वऱ्हाड रंगभूमीवरून लंडनला नेलं, त्याला आता चार दशकं उलटून गेली. आज लंडन-न्यू जर्सीचं वऱ्हाड पुण्या-नाशकात उतरतं आणि खोलीचं बिल भरायला कार्ड पुढे करतं, तेव्हा यजमानाला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हे दोन्हीकडून समजण्यासारखं आहे. आपल्याकडे पाहुण्याला भाडं द्यायला लावणं म्हणजे पंगतीत बसवून ताटाचे पैसे मागणं. पण तीस घरांचं भाडं देणं आता झेपत नाही, हे बोलायचं टाळून जे केलं जातं ते जास्त वाईट. सांगताना ‘सोय आहे’ सांगायचं आणि आल्यावर चौघांना एका खोलीत कोंबायचं. त्यापेक्षा मोकळेपणाने सांगितलेलं बरं: वडीलधाऱ्यांच्या आणि लांबून येणाऱ्या जवळच्या माणसांच्या खोल्या आम्ही घेतल्या आहेत, बाकीच्यांसाठी जवळच्या दोन हॉटेलांशी दर ठरवला आहे, आमचं नाव सांगा. हे वाक्य पहिल्यांदा उच्चारायला जड जातं. ऐकणाऱ्याला मात्र हायसं वाटतं, कारण त्यालाही स्वतःची खोली, स्वतःचं न्हाणीघर आणि उपकाराविना झोप हवी असते.

गोवा, कोकण आणि बाहेरगावचं लग्न

घरचं गाव सोडून तिसऱ्याच ठिकाणी लग्न करायचं ठरलं की सगळे पाहुणे बाहेरगावचे होतात आणि ज्याच्या घरी चार माणसं वळवता येतील असा कुणी गावात नसतो. खोल्यांची गरज एकदम दुप्पट होते. अशा लग्नात माणसं निम्मी बोलवावी लागतात, आणि पुष्कळ घरं हीच सबब शोधत असतात. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये दोन रात्रींची अट, न्याहारी-जेवणासकट माणशी दर आणि सगळ्या खोल्या एकदम घेण्याचा आग्रह असतो. हिशेब सोपा होतो, पण ‘फक्त लग्नापुरते येतो’ म्हणणाऱ्याचेही दोन रात्रींचे पैसे भरावे लागतात.

गोव्यात याहून जुनी सोय आहे. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा अशा देवस्थानांच्या आवारात अग्रशाळा असतात. देवाच्या महाजनांनी आणि भक्तांनी उतरावं म्हणून बांधलेल्या या खोल्या. कुलदेवतेच्या दारात लग्न लावणारी सारस्वत कुटुंबं पिढ्यान् पिढ्या तिथे उतरली आहेत. वातानुकूलन, खोलीत चहा असल्या अपेक्षा ठेवू नयेत. पण पहाटे आंघोळ करून चार पावलांवर मंडप, हे कुठलंही रिसॉर्ट देत नाही. कोकणात हॉटेलांची संख्या कमी तिथे निवास-न्याहारी योजनेतली घरं आणि गावातली होम-स्टे कामाला येतात. पाच घरांत मिळून पंधरा खोल्या होतात. फक्त माणसं विखुरतात, म्हणून दोन गाड्या फिरत्या ठेवाव्या लागतात, आणि त्यांच्या वेळा प्रत्येक घरात कागदावर लावाव्या लागतात. कोकणातल्या रात्री रेंजच्या भरवशावर राहू नये.

कुणाला कुठली खोली?

हॉटेलला सगळ्या खोल्या सारख्या, लग्नघराला नाहीत. विहीणबाईंना रस्त्याच्या बाजूची आणि मुलीच्या मामीला मागची शांत खोली गेली तर तो निव्वळ योगायोग होता, हे पटवून देता देता बारसं येतं. वयस्करांना तळमजला किंवा लिफ्टजवळ, तान्ह्या मुलांच्या आयांना हॉलपासून लांब, पत्ते खेळत जागणाऱ्यांना शेवटच्या टोकाला. मानाच्या जागा आधी ठरवून चाव्यांना नावाची चिठ्ठी लावून ठेवली तर काउंटरवरचा मुलगा चुकत नाही. त्याच्यावर सोडलं तर तो आडनावाच्या क्रमाने चाव्या देतो, आणि त्याचा दोष नाही.

इथेच तो जुना माणूस पुन्हा आठवतो. हॉटेलकडे मॅनेजर असतो, कार्यालयाकडे व्यवस्थापक असतो, आता इव्हेंटवाल्यांचा कानात यंत्र घातलेला मुलगाही असतो. तरी आज्जीच्या गोळ्या कोणत्या बॅगेत आहेत आणि तात्यांना बिनसाखरेचा चहा लागतो, हे यांपैकी कुणाला ठाऊक नसतं. त्यामुळे खोल्यांवर एवढा खर्च करून तक्रारी तेवढ्याच राहतात, किंबहुना वाढतात. कारण पूर्वी बोलणी खायला कुणीतरी समोर असायचं, आता रिसेप्शनचा नऊ नंबर असतो.

या सगळ्याचा निकाल असा देता येईल. सगळ्या पाहुण्यांना हॉटेलात घालणं ही चैन आहे आणि ती क्वचितच कामाची ठरते. पहाटे विधींना लागणारी घरची माणसं कार्यालयाच्या खोल्यांत, तरुण मंडळी हॉलमध्ये, वडीलधारी आणि लांबची माणसं हॉटेलात, आणि बाकीच्यांना ठरवलेला दर व मोकळी निवड, अशी चार भागांची व्यवस्था खिशाला आणि नात्याला दोन्हीला झेपते. ज्याचे पाहुणे त्याच्या खोल्या. खोल्या परत करायची तारीख तिकिटं निघाल्यानंतरची. दर ७,५००च्या आत. पाच खोल्या संध्याकाळपर्यंत.

आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी या हंगामात कार्य असेल तर एक विनंती. लग्नाच्या आदल्या दुपारपासून पाठवणीपर्यंत हॉटेलच्या लॉबीत घरचा एक माणूस बसवा. त्याच्याकडे खोल्यांची यादी, चार्ज केलेला फोन आणि थोडी सुटी रोकड असू द्या. त्याला अक्षतांना पंधरा मिनिटं सोडा, पण पंगतीत वाढायला बोलावू नका. आणि पाहुणे परत गेल्यावर आहेराच्या यादीत त्याचं नाव विसरू नका.